एकाच मधाचे दोन रिपोर्ट: एक नापास, एक ‘आढळले नाही’

तुमची हकिगत आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. सांगोल्याजवळ तुमच्या मेलिफेराच्या (पाळीव युरोपीय मधमाशीच्या) १४० पेट्या आहेत. ऑक्टोबरात त्या हस्त बहाराच्या डाळिंबावर परागीभवनासाठी भाड्याने गेल्या, तिथून सूर्यफुलावर. मध काढून निर्यातदाराला नमुना दिला आणि रिपोर्ट आला, त्यात दोन प्रतिजैविकं: स्ट्रेप्टोमायसीन १४ मायक्रोग्रॅम प्रति किलो, टेट्रासायक्लिन ६. माल परत. तुम्ही त्याच काढणीचा मध दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला, तर तिथे दोन्ही ‘आढळले नाही’. पेटीत आयुष्यात औषध घातलेलं नाही असं तुम्ही म्हणता. तुमचे प्रश्न दोन. खोटं कोण बोलतंय? आणि डेअरीत दुधाला लावतात तशी पट्टी लावून हे घरीच आधी कळेल का?

बावीस वर्षं मी रेसिड्यूच्या, म्हणजे अन्नात उरलेले औषधांचे अंश शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. कोळंबी, दूध, अंडी आणि मध. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या बाबतीत बहुधा कोणीच खोटं बोलत नाहीये. दोन प्रयोगशाळांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि दोघींनी आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. तुम्ही फक्त निकालाचा रकाना वाचलात. त्याच्या शेजारचा रकाना वाचायला हवा.

त्या रकान्यात ‘एलओक्यू’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ती पद्धत किती बारीक मोजू शकते, त्याची खालची मर्यादा. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानावर दुसऱ्या प्रयोगशाळेने पद्धत ‘एलायझा’ लिहिली आहे, म्हणजे तयार किटवरची प्राथमिक चाचणी. स्ट्रेप्टोमायसीनच्या एखाद्या किटची मर्यादा समजा २५ पीपीबी असेल (मायक्रोग्रॅम प्रति किलो आणि पीपीबी एकच), तर १४ पीपीबीचा मध तिथे ‘आढळले नाही’ असाच येणार. किलोचा काटा आणि सोनाराचा काटा. गुंज किलोच्या काट्यावर ठेवली तर काटा शून्यच दाखवील, म्हणून काही गुंज नाहीशी होत नाही. पहिल्या प्रयोगशाळेने एलसी-एमएस/एमएस हे रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं यंत्र वापरलंय, तो सोनाराचा काटा.

तरीही पहिला रिपोर्ट डोळे झाकून मानू नका. एलसी-एमएस/एमएसवर एखादं औषध ‘आहे’ म्हणायला नुसता एक शिखर-आलेख पुरत नाही. त्या औषधाचा रेणू यंत्रात फोडतात आणि ठरलेले किमान दोन तुकडे ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळी दिसावे लागतात. उदाहरणार्थ, क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा ३२१ वजनाचा आयन फुटून १५२ आणि २५७ चे तुकडे देतो. एकच दिसला, किंवा दोघांचं प्रमाण बिघडलं, तर आम्ही ‘संशयित’ म्हणतो, ‘आढळले’ म्हणत नाही. निर्यातदाराकडून आलेखाची प्रत मागा. आणि प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, त्या मान्यतेच्या यादीत ‘मध’ आणि ‘स्ट्रेप्टोमायसीन’ या दोन्ही नोंदी आहेत का ते बघा. दुधासाठी मान्यता असलेली पद्धत मधाला आपोआप लागू होत नाही. ही यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. बघत मात्र कोणी नाही.

आता औषध आलं कुठून? तुम्ही शपथ घेतलीत, आणि मला ती खरी वाटते. त्याचं कारण तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे.

मधमाश्यांना चोरून औषध देणारे लोक बहुतेक वेळा जनावरांच्या दुकानातली ऑक्सिटेट्रासायक्लिनची पावडर आणतात आणि पावसाळ्यातल्या साखरपाकात कालवतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनपुढे ‘आढळले नाही’ आहे आणि साधं टेट्रासायक्लिन सापडलंय, तेही स्ट्रेप्टोमायसीनच्या जोडीने. ही जोडी मला पेटीतली वाटत नाही, बागेतली वाटते. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगावर जी पुडी पाण्यात कालवून फवारतात, तिच्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसीन सल्फेट आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड असतं. शेतकरी तिला नुसतं ‘स्ट्रेप्टो’ म्हणतात. माश्या फवारलेल्या फुलावर बसतात, पानावरचं दव पितात, फवारणीचं पाणी कालवलेल्या बॅरलच्या कडेला बसून पाणी पितात. ते सगळं पोळ्यात येतं. डाळिंबातून मध फार मिळत नाही, म्हणून तुम्ही तिथे मधकोठी (मध साठवायची वरची कोठी) चढवली नसेल. पण खालच्या पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) कोठीत जे साठलं ते सूर्यफुलाचा बहर आल्यावर माश्यांनी जागा करण्यासाठी वर हलवलं. माश्या मध इकडचा तिकडे करतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग तुम्ही विचाराल, पुडीत नऊला एक प्रमाण, तर मधात १४ ला ६ कसं? प्रमाण टिकत नाही. दोन्ही औषधं पानावर, उन्हात आणि मधात वेगवेगळ्या वेगाने मोडतात, आणि माशी ती सारख्या प्रमाणात उचलत नाही. त्यामुळे प्रमाणावरून मी काही सिद्ध करत नाही. जोडी हा माग आहे, पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर बागेत न गेलेल्या दहा-पंधरा पेट्यांचा मध वेगळा तपासावा लागेल. तुमच्याकडे अशा पेट्या होत्या का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

असं आपल्याकडेच घडतं असं नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये सफरचंद-नासपतीच्या फायरब्लाइट या जिवाणूजन्य रोगावर स्ट्रेप्टोमायसीन फवारायचे, आणि तिथल्या मधपाळांच्या मधात ते सापडायचं. स्वित्झर्लंडमध्ये तर मधात सल्फानिलामाइड हे सल्फा औषध सापडलं, आणि माग काढत गेल्यावर ते ॲसुलम नावाच्या तणनाशकाचं मोडून झालेलं रूप निघालं. मधपाळाने काहीच केलेलं नव्हतं.

दुसऱ्या शक्यताही तपासा. जुन्या पेट्या किंवा चौकटी विकत घेतल्या होत्या का? शेजारच्या मधपाळाच्या औषध दिलेल्या वसाहती कमकुवत होऊन तुमच्या माश्यांनी लुटल्या का? मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावायचा मेणाचा पत्रा) कुठून आणला? मेणात साठणारी औषधं मुख्यतः माश्यांना चिकटणाऱ्या व्हरोआ या परजीवी कोळ्यावरची असतात, फ्लुव्हॅलिनेट आणि कौमाफॉस वगैरे, कारण ती मेणात विरघळतात. स्ट्रेप्टोमायसीन पाण्यात विरघळणारं, त्यामुळे तुमच्या बाबतीत मेणपत्र्यावर माझा संशय कमी आहे.

आकडे किती लहान आहेत याचा अंदाज यावा म्हणून एक किस्सा. काही वर्षांपूर्वी एका गटाच्या मधात क्लोरॅम्फेनिकॉल निघालं, ०.४ पीपीबी. सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. मी काढणीच्या जागेवर गेले. शेडच्या खिडकीत, मध काढायच्या यंत्राच्या हाताला लागेल अशा अंतरावर, डोळ्यात घालायच्या मलमाच्या पारदर्शक पिवळट कॅप्सूल पडल्या होत्या, दोन टोकं कापलेल्या. यंत्र फिरवणाऱ्या मुलाचे डोळे आले होते. तो बोटाने मलम लावायचा आणि त्याच हाताने चौकटी उचलायचा. त्या मलमात एक टक्का क्लोरॅम्फेनिकॉल असतं. तांदळाच्या दाण्याएवढं, म्हणजे साधारण वीस मिलिग्रॅम मलम धरा. त्यात ०.२ मिलिग्रॅम औषध झालं. एवढ्याने साडेसहाशे किलोंहून जास्त मध ०.३ पीपीबीवर जातो. तीनशे किलोची दोन पिंपं. युरोपात या औषधाची कारवाईची पातळी (जिथून माल नापास होतो ती) आधी ०.३ होती, २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती ०.१५ झाली, म्हणजे आता तोच दाणा चार पिंपं नापास करील. त्या मुलाला कोणी ओरडू नका असं मी सांगून आले, त्याला बिचाऱ्याला डोळ्याच्या मलमाचा मधाशी काय संबंध हे कळणार कुठून?

आता तुमचा दुसरा प्रश्न, डेअरीतली पट्टी. त्यात दोन प्रकार येतात. एका प्रकारात जिवाणू वाढवतात. दुधात औषध नसेल तर जिवाणू वाढून रंग बदलतो, औषध असेल तर वाढ थांबते आणि रंग तसाच राहतो. ही चाचणी मधावर चालतच नाही. मध स्वतःच जिवाणू वाढू देत नाही. त्यातली साखर, आम्लता, त्यात तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळंच जिवाणूंच्या विरुद्ध. तुमच्या आजीने भाजल्यावर मध लावला असेल तो यासाठीच. त्यामुळे उत्तम मधही इथे ‘औषध आहे’ असा निकाल देईल. दुसरा प्रकार रेषा उमटणाऱ्या पट्टीचा. तशा पट्ट्या मधासाठीही बनतात आणि उपयोगी आहेत, पण पाकिटावर ‘मध’ लिहिलेलं असलं पाहिजे आणि मर्यादा तुमच्या खरेदीदाराच्या मर्यादेपेक्षा खाली असली पाहिजे. दुधाची पट्टी पाण्यात कालवलेल्या मधात बुडवून निघालेल्या निकालावर मी एक रुपयाही लावणार नाही. मधाच्या पट्टीवर संशय आला तर पुढे एलसी-एमएस/एमएस करा. संशय आला नाही तर ‘या एका औषधाचा, या मर्यादेच्या वर, पुरावा नाही’ इतकंच समजा. काडी पेटवणं, पाण्यात थेंब सोडणं, मुंग्या लागतात का बघणं, यांचा या विषयाशी काही संबंध नाही.

एनएमआर या मधातली भेसळ पकडणाऱ्या तपासणीबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. तो गोंधळ बऱ्याच जणांचा होतो, कारण बातम्या दोन वेळा आल्या. २०१० मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने १२ मध तपासले आणि ११ मध्ये प्रतिजैविकं सापडली. त्याच वर्षी युरोपीय संघाने आपल्या मधाची आयात थांबवली, ती पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली. नंतर २०२० मध्ये सीएसईनेच पुन्हा मध तपासले, ते साखरेच्या पाकाच्या भेसळीसाठी, आणि एनएमआर हा शब्द घराघरांत गेला. एनएमआर पाक पकडतं. १४ पीपीबी स्ट्रेप्टोमायसीन त्याला दिसणार नाही. एनएमआर पास असलेला मध रेसिड्यूमध्ये नापास होऊ शकतो, आणि उलटही.

प्रयोगशाळेला नमुना देताना ‘अँटिबायोटिक टेस्ट करा’ एवढंच सांगू नका. मध कुठे जाणार ते सांगा, कारण यादी त्यावर ठरते. युरोपात मधासाठी प्रतिजैविकांची ठरवून दिलेली मुभाच नाही. व्हरोआवरच्या ॲमिट्राझला २०० आणि कौमाफॉसला १०० पीपीबीची मर्यादा आहे, पण टेट्रासायक्लिनला अशी मर्यादा ठरवलेलीच नाही. अमेरिकेत पशुवैद्यांच्या चिठ्ठीने मधमाश्यांना ऑक्सिटेट्रासायक्लिन, टायलोसिन आणि लिंकोमायसीन देता येतं. म्हणजे तोच मध एका बंदरात अडेल आणि दुसऱ्यात कदाचित नाही. निर्यातदाराकडे निर्यात तपासणी परिषदेच्या रेसिड्यू मॉनिटरिंग योजनेची यादी असते, ती मागून घ्या आणि तीच प्रयोगशाळेला द्या.

आणि पद्धत विचारा, कारण मध हा तपासायला वाईट पदार्थ आहे. नळीत दोन ग्रॅम मध तोलायचा म्हटलं तरी चमच्यापासून तार तुटत नाही आणि काट्यावरचा आकडा हलत राहतो. खरी अडचण तर पुढेच. सल्फा औषधं मधातल्या साखरेला चिकटून बसतात. आधी आम्ल घालून ती सोडवली नाहीत तर नुसत्या पाण्याने काढलेल्या नमुन्यात ती कमी दिसतात, कधी दिसतच नाहीत. टायलोसिन मधाच्या आम्लतेत मोडून डेस्मायकोसिन होतं, म्हणून फक्त टायलोसिन शोधणारी प्रयोगशाळा जुन्या मधाला क्लीन चिट देऊन बसते. नायट्रोफुरान या प्रतिजैविकांच्या गटातली मूळ औषधं शोधायची नसतात, त्यांची मोडलेली रूपं शोधायची असतात, आणि त्यासाठी नमुना रात्रभर ३७ अंशांवर ठेवावा लागतो. ‘दोन तासांत नायट्रोफुरानसकट सगळं करून देतो’ म्हणणारा भेटला तर समजून घ्या. यातलं सेमिकार्बझाइड तर फसवं आहे. ते याच गटातल्या नायट्रोफुराझोनचं मोडलेलं रूप म्हणून बघतात, पण २००३ च्या सुमारास लक्षात आलं की काचेच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणातल्या फेसाळ गॅस्केटमधूनही ते येतं. एकटं सेमिकार्बझाइड निघालं तर आधी झाकण बघा.

नमुना घेण्यावर मात्र मी तुमचा जास्त वेळ घेणार आहे, कारण तिथेच बहुतेक जण पैसे वाया घालवतात. थिजलेल्या पिंपाच्या वरच्या थरातून चमचाभर मध म्हणजे पिंपाचा नमुना नव्हे. पिंप चाळीस अंशांच्या आत कोमट करा, खालून वर ढवळा, वर-मध्ये-खाली असा मध घ्या. नवी, कोरडी, झाकण घट्ट बसणारी बाटली वापरा. एकाच वेळी दोन बाटल्या भरा, दोन्ही सील करा, एक तुमच्याकडे अंधारात ठेवा. वाद झाला तर ती दुसरी बाटलीच तुमची साक्षीदार. तुमच्या प्रकरणात दोन प्रयोगशाळांना दिलेला मध एकाच पिंपातला होता का, हे तुम्हाला नक्की सांगता येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग १४ विरुद्ध ‘आढळले नाही’ हा फरक एलओक्यूचा की पिंपाचा, हे मीही ठरवू शकत नाही.

खर्च वाचवायला लोक नमुने एकत्र करतात. करा, पण गणित करून. समजा दहा ठिकाणचा मध समसमान मिसळून एक नमुना केला आणि त्यातल्या एकाच ठिकाणी १४ पीपीबी होतं, तर मिश्रणात १.४ येईल आणि पाचची मर्यादा असलेली पद्धत ते सोडून देईल. दोनाहून जास्त एकत्र करू नका, आणि एकत्र करण्यापूर्वी प्रत्येकाची वेगळी बाटली राखून ठेवा. संशय आला की मग त्या बाटल्या एकेक करून तपासता येतात. बाटलीवर तारीख, ठिकाण, फुलोरा आणि पेट्यांचे क्रमांक लिहा. तुम्हाला पुढच्या वर्षी खरी मदत होईल ती या चिठ्ठीची, यंत्राची नव्हे.

परत आलेल्या मालाचं काय करायचं? त्यात चांगला मध मिसळून आकडा खाली आणायचा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. तो ऐकू नका. पुढच्या हंगामात तो माल तुमच्याच नावावर परत येतो. उकळून स्ट्रेप्टोमायसीन जात नाही, मध मात्र जातो. माश्यांना खाऊ घालू नका, कारण तो परत मधकोठीत येईल आणि पोळ्यातल्या जिवाणूंना औषधाची सवय लागेल ती वेगळीच. हा मध विषारी आहे का, तर नाही. रोज वीस ग्रॅम खाल्ला तरी पोटात जाणारं स्ट्रेप्टोमायसीन ०.२८ मायक्रोग्रॅम, आणि क्षयाच्या रुग्णाला पूर्वी रोज द्यायचे ते इंजेक्शन ग्रॅमच्या घरात. पण नियम एका चमच्यासाठी केलेला नसतो. क्लोरॅम्फेनिकॉलच्या बाबतीत तर सुरक्षित पातळीच ठरवता येत नाही, कारण क्वचित कोणाला त्याने अस्थिमज्जा बंद पडते आणि ते मात्रेवर अवलंबून नसतं. हा मध विकताना खरेदीदाराला रिपोर्ट दाखवून विका. मेणबत्ती-साबणवाले, औद्योगिक वापरवाले घेतात, भाव पडतो. याहून गोड उत्तर माझ्याकडे नाही.

पुढच्या हंगामासाठी, डाळिंबवाल्याशी भाड्याचं बोलताना फवारणीचं वेळापत्रक मागा आणि पेट्या असताना ‘स्ट्रेप्टो’ मारणार नाही असं कागदावर घ्या. जमलं नाही तर बागेतून आल्यावर पिलाव्याच्या कोठीतला साठलेला मध काढून बाजूला ठेवा, मगच मधकोठी चढवा. आणि पिलावा सडायला लागला तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी रोग कोणता ते बघून घ्या. सातेरी या आपल्या देशी मधमाशीवर येणारा थाई सॅकब्रूड रोग विषाणूमुळे होतो, त्यावर कोणतंही प्रतिजैविक शून्य काम करतं, तरी लोक पावडर टाकतात आणि वर मध नापास करून घेतात. पुण्याच्या गणेशखिंडीतली केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचं मध संचालनालय इथे आजारी पिलाव्याची चौकट दाखवता येते.

दुसऱ्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टचं तुम्ही फक्त पहिलं पान पाठवलंय. मर्यादांचा रकाना दुसऱ्या पानावर असतो. त्याचा फोटो पाठवा, म्हणजे २५ हा माझा अंदाज बरोबर आहे का ते कळेल. आणि बागेत न गेलेल्या पेट्या किती होत्या, तेही लिहा.